बॅलीव्हॉन आणि बरनचा कातळ

गुरुवार

गॉलवेहून सुटलेली ३५० नंबरची बस किनव्हाराचं बंदर मागे टाकून पुढे आली की डोंगरांचा रंगच बदलतो. तोवर खिडकीबाहेर नुसती हिरवाई असते: कुरणं, मेंढ्या, पावसाने निथळणारी झुडपं. मग एकाएकी करडे, उघडे, पायऱ्यापायऱ्यांचे डोंगर समोर येतात. हा बरन. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, काउंटी क्लेअरच्या उत्तर टोकाला पसरलेला चुनखडीचा प्रदेश. त्याच्या पायथ्याशी, गॉलवेच्या आखाताच्या दक्षिण काठावर बॅलीव्हॉन आहे. वस्ती जेमतेम दोन-अडीचशे. एक तिठा, दोन-चार पब, एक किराणा दुकान, एक धक्का. बसमधून माझ्याबरोबर आणखी दोघंच उतरली.

मे महिन्याचा पहिला सोमवार आयर्लंडमध्ये सुट्टीचा. माझी भाची गॉलवेमध्ये वैद्यकीय उपकरणांच्या कंपनीत कामाला आहे. तिने शुक्रवारची रजा टाकली आणि ऑफिस सुटल्यावर आपली गाडी घेऊन रात्री मागोमाग आली. आम्ही उतरलो होतो त्या घराच्या मालकीणबाई सत्तरी ओलांडलेल्या. मी महाराष्ट्रातली, कोकणातली म्हटल्यावर त्यांनी पहिलं नाव घेतलं ते लिओ वराडकरांचं. २०१७ मध्ये ते आयर्लंडचे पंतप्रधान झाले, २०२२ मध्ये पुन्हा झाले. त्यांचे वडील डॉक्टर आणि मुंबईकडचे, एवढं बाईंना ठाऊक होतं. मालवण तालुक्यातलं वराड मी त्यांना फोनवरच्या नकाशात काढून दाखवलं. त्यांनी चष्मा लावून नीट पाहिलं आणि विचारलं, "समुद्र जवळ आहे का?" आहे म्हटल्यावर त्यांना बरं वाटलेलं दिसलं.

जेवणाआधी धक्क्यावर जाऊन आले. नऊ वाजले तरी लख्ख उजेड होता. आखातापलीकडे कॉनमाराचे डोंगर. एके काळी तिकडून शिडाच्या होड्या पीट भरून या धक्क्याला लागायच्या. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं साचलेला पालापाचोळा. तो विटांसारखा कापून, वाळवून चुलीत घालतात. बरनमध्ये दलदल नाही आणि मोठी झाडंही फारशी नाहीत, तेव्हा इथल्या चुली पलीकडच्या किनाऱ्याच्या जिवावर पेटायच्या. त्या होड्यांना हूकर म्हणतात. काळा सांगाडा आणि विटकरी शिडं. ऑगस्टमध्ये किनव्हाराला त्यांच्या शर्यती भरतात.

शुक्रवार

पर्यटकांच्या बसगाड्या यायच्या आत पोलनाब्रोन गाठायचं म्हणून सकाळी लवकर निघालो. इथे आपल्यासारखीच डावीकडून गाडी चालवतात, पण रस्ते इतके अरुंद की समोरून ट्रॅक्टर आला तर कुणीतरी मागे जायचं. दोन्ही बाजूंना गडगे. चुना नाही, सिमेंट नाही, दगडावर दगड रचलेला. आमच्याकडचा गडगा जांभ्याचा आणि भरीव, इथला चुनखडीचा आणि फटींचा. त्या फटींतून पलीकडचं आभाळ दिसतं. अटलांटिकचा वारा अडवला तर गडगा पडेल, म्हणून त्याला वाट ठेवलेली.

पोलनाब्रोन हे दफनस्थान साडेपाच हजार वर्षांहून जुनं आहे. उभ्या शिळा आणि त्यांच्यावर तिरकी टेकलेली एक भली मोठी पातळ शिळा, एवढंच. चहूकडे सपाट कातळ, त्यामुळे दुरून ते आहे त्यापेक्षा मोठं वाटतं. जवळ गेल्यावर कळतं की मधल्या पोकळीत माणूस ओणवं झाल्याशिवाय मावणार नाही. १९८५ मध्ये पुढची एक शिळा तडकल्याचं लक्षात आलं. ती बदलावी लागणार होती, म्हणून १९८६ आणि १९८८ मध्ये अ‍ॅन लिंच यांनी इथे उत्खनन केलं. खालच्या कातळाच्या भेगांमध्ये तीसहून जास्त माणसांची हाडं निघाली. बायका, पुरुष, लेकरं. चाळिशी ओलांडलेले थोडेच. ओझी वाहून झिजलेले सांधे. एका पुरुषाच्या कमरेच्या हाडात दगडी बाणाचं टोक रुतून बसलेलं होतं.

इथल्या एका तान्ह्या मुलाबद्दल मी निघण्यापूर्वीच वाचलं होतं. या हाडांमधल्या डीएनएचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सहाएक महिन्यांच्या एका मुलाला डाउन सिंड्रोम असल्याचं आढळलं. डाउन सिंड्रोमची इतकी जुनी नोंद तोवर झालेली नव्हती. त्याला आईचं दूध मिळत होतं, हेही हाडांवरूनच समजलं. आणि त्याला पुरलं ते याच शिळांखाली, सगळ्यांच्या बरोबर. मी तिथे बराच वेळ उभी होते. ज्यांचं नाव, भाषा, देव काही उरलं नाही, त्या माणसांबद्दल एवढी एक गोष्ट पक्की कळावी, हे मला फार मोलाचं वाटतं.

शिळांभोवती दोर लावलेला आहे, प्रवेशाला पैसे नाहीत. आजूबाजूला लोक सुटे दगड उचलून छोट्या छोट्या प्रतिकृती रचतात आणि फोटो काढतात. असं करू नका, अशी पाटी आहे. कारण साधं आहे: तो प्रत्येक दगड कुठल्या तरी रोपाच्या किंवा किड्याच्या डोक्यावरचं छप्पर असतो. एक कुटुंब तिथेच दगड रचत बसलं होतं. भाचीने जाऊन पाटी दाखवल्यावर ते भले लोक लगेच थांबले.

तिथून पुढे नुसतेच कातळावरून चाललो. हा चुनखडीचा थर सुमारे ३३ कोटी वर्षांपूर्वी उथळ, उबदार समुद्राच्या तळाशी बसला. तेव्हा हा भूभाग विषुववृत्ताजवळ होता. दगडात आजही प्रवाळांच्या जाळ्या दिसतात. हिमयुगात बर्फाने वरची माती खरवडून नेली. उरलीसुरली, पहिल्या शेतकऱ्यांनी जंगल तोडल्यावर, पावसाने धुऊन गेली. चुनखडी पाण्यात विरघळते, म्हणून कातळावर लांबच लांब भेगा पडल्या आहेत. पाणी त्यांतून थेट खाली जातं. सगळ्या बरनमध्ये उगमापासून समुद्रापर्यंत जमिनीवरून वाहणारी नदी एकच, फॅनोरजवळची काहेर.

त्या भेगांपाशी वाकून बसलं की बरन दिसायला लागतो. वरून सगळं करडं आणि कोरडं. आत, वाऱ्यापासून लपलेल्या दमट सावलीत हात घातला तर बोटांना पाण्याचा थंडावा लागतो. एका भेगेत मला हंसराज दिसला. काळीभोर तारेसारखी देठं आणि पंख्यासारखी नाजूक पानं. आजोळच्या विहिरीच्या आतल्या कडांवर हाच उगवायचा. ऊबदार प्रदेशातलं हे नेचं इथे भेगेतल्या उबेवर जगतं. तिथून हातभर अंतरावर, उघड्यावर, जेन्शियन फुलली होती. रुपयाएवढंच फूल, पाच पाकळ्या, निळा रंग इतका गडद की कॅमेऱ्यात तो नीट येत नाही. मधोमध पांढरा ठिपका. हे फूल आल्प्सच्या उंच कुरणांतलं. शेजारी ड्रायसची पांढरी फुलं, ती आर्क्टिककडची. एरवी हजारो मैल दूर असणारी ही मंडळी इथे समुद्रसपाटीपासून फार वर नसलेल्या कातळावर एकमेकांना खेटून राहतात. जगभरचे वनस्पतिशास्त्रज्ञ इथे येतात ते यासाठीच.

"मावशी, ऊठ आता, गुडघे धरतील," असं भाची दोनदा म्हणाली.

दुपारी एलवीची गुहा उरकली. गर्दी होती. एका शेतकऱ्याला ती १९४० मध्ये सापडली, आणि आत अस्वलांची हाडं निघाली. आयर्लंडमधून अस्वलं नाहीशी होऊन फार काळ लोटला. परतताना लिस्डूनव्हार्नाच्या रस्त्यावरचा कॉर्कस्क्रू हिलचा घाट चढून वर थांबलो. खाली आख्खं खोरं, बॅलीव्हॉन आणि आखात. हा घाट १८४० च्या दशकातल्या दुष्काळात बांधला गेला. बटाट्यावर करपा पडला, पिकं कुजली, आणि बटाट्यावरच जगणाऱ्या लोकांकडून मजुरीच्या मोबदल्यात रस्ते करून घेतले गेले. १८४१ मध्ये आयर्लंडची लोकसंख्या सुमारे ८२ लाख होती, १८५१ मध्ये ती ६५ लाखांवर आली. दहा लाख मेले, तितकेच देश सोडून गेले. आमच्या आईने १९७२ साली देशावर खडी फोडणाऱ्या बायका पाहिल्या होत्या, त्यांच्याबद्दल ती नेहमी बोलते. पण तेव्हा निदान सुकडी आणि मजुरी मिळत होती, त्यातून पुढे रोजगार हमी आली. इथे उपाशी माणसं दगड उचलता उचलता मेली. घाटाच्या त्या सुंदर वळणांवरून उतरताना आम्ही दोघी फारसं बोललो नाही.

शनिवार

हा दिवस मी सगळ्यात जास्त लक्षात ठेवीन. मालकीणबाईंच्या ओळखीचे एक शेतकरी आम्हाला आपल्या डोंगरावर घेऊन गेले. साठीचे, उंच, हातात हेझलची काठी, मागे कुत्रा. त्यांच्याकडे गायी आहेत, दुधासाठी नव्हे, वासरांसाठी पाळलेल्या.

साऱ्या युरोपात उन्हाळ्यात गुरं डोंगरावर चढवतात आणि थंडीत खाली, गोठ्यात आणतात. बरनमध्ये उलटं. इथे गुरं थंडीत वर जातात. ऑक्टोबरच्या अखेरीस चढवायची, एप्रिलच्या सुमारास उतरवायची. याला विंटरेज म्हणतात. मला आधी पटेना. त्यांनी गुडघ्यावर बसून कातळावर तळवा टेकवला आणि मलाही तसं करायला सांगितलं. सकाळचे अकरा, वारा गार, पण दगड कोमट होता. उन्हाळाभर हा कातळ ऊन पितो आणि हिवाळ्यात ते हळूहळू सोडतो. पाणी निचरून जातं, म्हणून गुरांना बसायला कोरडी जागा मिळते. गवतात चुना भरपूर, हाडं मजबूत होतात. खाली खोऱ्यात त्याच वेळी चिखल असतो.

"आणि फुलं?" भाचीने विचारलं.

"फुलं गायींचीच," ते म्हणाले. उन्हाळ्यात गुरं खाली असतात, तेव्हा वर फुलं उमलतात, बी धरतात, कुणी तुडवत नाही. हिवाळ्यात गुरं येऊन वाळलेलं, माजलेलं गवत खाऊन साफ करतात. वसंतात जमीन मोकळी असते, उन्हं थेट मातीला लागतात, छोट्या रोपांना डोकं वर काढता येतं. गुरं आली नाहीत तर गवत दाट होतं आणि त्यामागून हेझलची झुडपं चढतात. त्यांनी शेजारचा उतार दाखवला. तिथला शेतकरी म्हातारा झाला, मुलं शहरात गेली, गुरं वर जाणं थांबलं. उतारभर हेझलचं रान माजलं होतं. त्यात शिरून पाहिलं, एकही जेन्शियन नाही.

गुरं वर जाणं कमी झालं त्यालाही कारणं आहेत. आयर्लंड १९७३ मध्ये युरोपीय समुदायात आला. नंतरच्या अनुदानांमुळे गोठे बांधणं, जमीन सपाट करणं, गुरांना जागेवर आंबवलेला चारा घालणं सोपं झालं. डोंगरावर जरी नेली तरी ती चाऱ्याच्या ढिगापाशीच उभी राहू लागली. चरेनाशी झाली, आणि शेणाचा चिखल झऱ्यांत उतरू लागला. पर्यावरणवाल्यांचा पहिला सल्ला होता की गुरं कमी करा, कातळाला हात लावू नका. शेतकरी भडकले. त्यांच्या मते कातळ त्यांनी आणि त्यांच्या गुरांनीच सांभाळला होता. संशोधकांनी प्रत्यक्ष शेतांवर फिरून तपासलं, तेव्हा शेतकऱ्यांचं म्हणणं बरोबर निघालं.

त्यातून २००५ मध्ये बरनलाइफ हा प्रकल्प उभा राहिला. पुढे त्याची योजना झाली, ती २०२२ पर्यंत चालली आणि तीनशेहून जास्त शेतकरी तिच्यात आले. तिची पद्धत मला फार आवडली. दर वर्षी प्रत्येक कुरणाला १ ते १० गुण मिळायचे. गवत किती उरलं, फुलांची विविधता किती, झऱ्याजवळ घाण आहे का, झुडपं किती माजलीत, हे बघून गुण ठरायचे. गुण जास्त तसे पैसे जास्त. अमुक तारखेला अमुक करा असा हुकूम नव्हता. गडगा दुरुस्त करणं, पाण्याची टाकी बसवणं, हेझल तोडणं, यांना वेगळी मदत मिळायची. आमच्या सोबतच्या काकांच्या एका कुरणाचे गुण सहावरून नवावर गेले होते. ते सांगताना त्यांचा आवाज बदलला. आपल्या बापाने आयुष्यभर जे केलं त्याची किंमत कुणी तरी केली, हे ते सरळ शब्दांत म्हणाले.

मला सारखे आमच्या रत्नागिरीचे सडे आठवत होते. तोही कातळ, जांभ्याचा. पावसात त्यावर सीतेची आसवं फुलतात, दीपकाडी फुलते, जी दीपकाडी कोकणाबाहेर फारशी सापडत नाही. सरकारी कागदांवर त्यातली कितीतरी जमीन पडीक. कास पठारावर चराई बंद झाल्यावर फुलं घटली, असं तिथले गावकरी आणि काही अभ्यासक सांगत आले आहेत. आपल्याकडे गुराख्याला कुणी गुण देत नाही. द्यायला हवेत, असं मला मनापासून वाटतं.

उतरताना काकांनी एक झरा दाखवला. काठावर छोटी क्रूसाची शिळा, शेजारच्या झाडाला चिंध्या बांधलेल्या. डोळ्यांच्या दुखण्यासाठी इथे लोक येत. त्यांनी ओंजळभर पाणी डोळ्यांना लावलं, आम्हीही लावलं.

रविवार

सकाळभर पाऊस. मालकीणबाईंचा सोडा ब्रेड, लोणी आणि दोनदा चहा.

अकराला उघाडलं तेव्हा कॉर्कोमरोच्या मठात गेलो. तेराव्या शतकाच्या सुरुवातीला सिस्टर्शियन पंथाच्या ख्रिस्ती साधूंनी तो बांधला, आणि मेरीला 'सुपीक खडकाची मेरी' म्हणून अर्पण केला. छत बहुतेक गेलंय, पण वेदीच्या भागातली कमान आणि खांबांच्या माथ्यांवरची फुलंपानं अजून शाबूत. भिंतीत राजा कॉनर ओब्रायन दगडात निजलेला आहे, मृत्यू १२६८. आवारात गावची दफनभूमी आहे, ताज्या फुलांच्या कबरी आठशे वर्षांच्या भिंतीला लागून. तिथून फ्लॅगी शोअरला गेलो. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला मचूळ पाण्याचं तळं, मधून रस्ता. तळ्यात हंस होते. जवळच लेडी ग्रेगरींचं उन्हाळ्यातलं घर आहे. आयरिश रंगभूमी उभी करणारी ही बाई आणि कवी येट्स इथे येऊन राहत.

संध्याकाळी गावातल्या पबमध्ये वादन होतं. मंच नाही, माइक नाही. कोपऱ्यातल्या टेबलाभोवती सातआठ जण: दोन फिडल (म्हणजे व्हायोलिनच), बासरी, कॉन्सर्टिना, एक बॉरान. कॉन्सर्टिना म्हणजे हातात मावणारी षटकोनी पेटी, क्लेअरच्या बायकांचं आवडतं वाद्य. बॉरान हे बकऱ्याच्या कातड्याचं डफासारखं वाद्य, आखूड काठीने वाजवतात. एकजण सूर धरतो, बाकीचे ओळखतात आणि एकेक करून शिरतात. तीन चाली सलग, मध्ये थांबायचं नाही, चाल बदलली की कुणीतरी "हप्" म्हणतो. बारातेरा वर्षांची एक मुलगी फिडल घेऊन आजोबांशेजारी बसली होती. ती सुरू झाली तेव्हा मोठ्यांनी आपला आवाज उतरवला. जवळच्या किलफेनोरा गावाचा 'केली' बँड, म्हणजे नाचासाठी वाजवणारा ताफा, १९०९ पासून वाजतोय. संगीत इथे घरातून घरात जातं, हे त्या टेबलावर दिसत होतं.

आखातातले शिंपले घातलेलं दाट चाउडर प्याले. भाचीने खेकड्याच्या नांग्या लसूण-लोण्यात घेतल्या. मालवणी माणसाला त्या आवडतीलच, तिखट मात्र बरोबर न्यावं.

सोमवार

परतीच्या वाटेवर बरन राष्ट्रीय उद्यानातला मुल्लामोर डोंगर. जमिनीचे थर वाकून एकावर एक बसलेले, जणू कुणी घोंगड्या रचून ठेवल्यात. पायथ्याशी टर्लो होता, म्हणजे पावसात भूगर्भातून वर येणारं आणि उन्हाळ्यात खालीच निघून जाणारं तळं. आत्ता अर्धं उरलं होतं आणि उरलेल्या तळावर गवत दिसत होतं.

१९९० च्या दशकात याच डोंगराच्या पायथ्याशी सरकारने पर्यटक केंद्र बांधायला घेतलं होतं. मोठी इमारत, मोठा वाहनतळ. गावागावांत, घराघरांत दोन तट पडले. काहींना रोजगार हवा होता, तेही खरंच होतं. विरोधक न्यायालयात गेले, १९९३ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला, आणि २००० मध्ये परवानगी कायमची नाकारली गेली. झालेलं बांधकाम उखडून टाकलं. माहिती कार्यालय आता कोरोफिन गावात आहे, डोंगरापासून दूर. पर्यटक तिथे जेवतात, तिथे राहतात, आणि तिथून डोंगरावर येतात. आमच्या कातळशिल्पांच्या सड्यांवर वाहनतळ कुठे करायचे यावर आज बोलणी चालू आहेत. ती शिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. तिथे निर्णय घेणाऱ्यांनी एकदा मुल्लामोरला येऊन जावं.

जायचं असेल तर फुलांसाठी एप्रिलअखेर ते जून. गाडी हवी, बस सगळीकडे जात नाही. चढायला घोटे धरणारे बूट, कारण भेगेत पाय अडकला तर घोटा मुरगळतो. गुरं वर चढताना बघायची असतील तर ऑक्टोबरच्या शेवटच्या सोमवारची सुट्टी धरून जायचं. त्या शनिवार-रविवारी विंटरेजचा उत्सव असतो, आणि कळपामागून चालायला कुणालाही मुभा असते. काकांनी आम्हाला बोलावलंय. भाचीने रजेचा अर्ज टाकलाय, मी आईला विचारतेय.